सरकलेलं ठिगळ

सोमवारी सकाळी साडेनऊला प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला आणि कार्यालयातला चहा कपातच राहिला. त्यांच्या वेबसाइटवरचा तातडीचा फोन नंबर नाहीसा झाला होता. आदल्या संध्याकाळी कळा सुरू झालेल्या एका बाईचा नवरा अर्धा तास तो शोधत बसला होता. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, म्हणून डॉक्टरीणबाई नुसत्या ओरडल्या.

मालकांनी पान उघडलं. तळाच्या पट्टीत, नंबरच्या मधल्या आकड्यांवर, पांढरं कोरं ठिगळ होतं. नंबर खाली शाबूत होता. त्याच्यावर कोणीतरी एक लेयर टाकली होती. लेयर म्हणजे पानावर हवी तिथे ठेवता येणारी चौकट. खालचं काही न पुसता ती त्याला झाकून टाकते.

पान चिमणीचं होतं. चिमणी हे तिचं कार्यालयातलं नाव. दीड वर्षापूर्वी शिकाऊ म्हणून आलेली ही मुलगी आता सगळ्यांत मोठी कामं करत होती. मालकांनी तिला थोडक्यात ऐकवलं. पाचपर्यंत हे कोणी केलं ते कळलं नाही, तर पान तुझं, चूकही तुझी, उद्यापासून येऊ नकोस.

मास्तरांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. बारा वर्षं ते इथे पानं मांडत होते, नव्यांना शिकवत होते, म्हणून तर मास्तर. चिमणीलाही त्यांनीच शिकवलं, आणि ती कानामागून आली आणि तिखट झाली. प्रसूतिगृहाने तर पानाच्या तळाशी उजवीकडे तिचं नाव टाकायला लावलं होतं, वर इवलासा फोटो. मास्तरांचं नाव बारा वर्षांत एकाही पानावर आलं नव्हतं. गेले सहा महिने त्यांच्या पोटात दुखत होतं, आणि रोज जेवताना ते बायकोला चिमणीपुराण ऐकवत होते.

पण त्यांचं हे सुख दहा मिनिटंही टिकलं नाही. फोटोवाला, म्हणजे फोटो काढणारा आणि नको तिथे नाक खुपसणारा सहकारी, ठिगळाची मापं बघत होता.

"ही लेयर मुख्य चौकटीच्या आत नाही," तो म्हणाला. "थेट पानावर टाकलीय, डाव्या कडेपासून मोजून. ही जुनी पद्धत. आता इथे असं कोण काम करतं?"

सगळे मास्तरांकडे बघायला लागले.

"मीसुद्धा ते चार वर्षांपूर्वी सोडलं," मास्तर म्हणाले.

बदल रविवारी दुपारी चारला झाल्याची नोंद होती. पासवर्ड सगळ्यांचा एकच, त्यामुळे नोंदीत नाव नव्हतं.

"चारला कुठे होतात?" मालकांनी विचारलं.

"घरी. झोपलो होतो."

"साक्षीला कोण?"

"बायको."

फोटोवाला गालातल्या गालात हसला. चोर सोडून संन्याशाला फाशी होणारच असेल, तर तो संन्यासी चिमणी असावी अशी मास्तरांची मनापासून इच्छा होती. पण आता फासाखाली दोन माना होत्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि चिमणीशेजारी बसले.

"शनिवारी निघालीस तेव्हा पान ठीक होतं?"

"हो. दोनदा तपासलं होतं."

"नंबरवर कोणाचा राग असेल?"

"नंबरवर कोण रागावणार, मास्तर? माझ्यावर कोण रागावलंय ते विचारा."

ते मास्तरांनी विचारलं नाही. त्याचं एक उत्तर त्यांना पाठ होतं.

"ठिगळाची रुंदी किती?"

"एकशे ऐंशी पिक्सेल. नंबरची पट्टी दोनशे साठ आहे. बघा ना, दोन्ही टोकांचे आकडे दिसताहेत."

मास्तर थबकले. नंबर झाकायला निघालेला माणूस अपुरं ठिगळ का लावेल? मग त्यांना त्या जुन्या पद्धतीतली खोड आठवली. चिमणीने पान संगणकाच्या पडद्याच्या मधोमध ठेवलं होतं. पडदा लहान असो की मोठा, पान आपलं मध्यावर सरकतं. डाव्या कडेपासून मोजलेली लेयर मात्र जागची हलत नाही.

त्यांनी माउसने पडद्यावरच्या खिडकीची उजवी कड धरली आणि खिडकी हळूहळू अरुंद करत नेली. पान डावीकडे सरकायला लागलं. ठिगळ तिथेच राहिलं. नंबर त्याच्याखालून अख्खा बाहेर आला. मागून चिमणीचं नाव आणि फोटो आला, ठिगळाखाली शिरला, आणि एका रुंदीला तंतोतंत झाकला गेला. ना रेघभर जास्त, ना रेघभर कमी.

"म्हणजे नंबर नव्हेच," चिमणी हळू आवाजात म्हणाली. "मी नको होते कोणाला तरी."

मास्तरांनी खिडकीची रुंदी वाचली. तेराशे सहासष्ट. कार्यालयातले सगळे पडदे एकोणीसशे वीसचे. फोटोवाल्याच्या घरचा त्याहून मोठा. चिमणीकडे घरी फोनशिवाय काही नव्हतं. मालकांनी गेल्या महिन्यात नवा घेतला, तोही रुंद. तेराशे सहासष्टचा एकच पडदा मास्तरांना ठाऊक होता. कार्यालयाचा जुना लॅपटॉप, पासवर्डासकट, चार वर्षांपूर्वी त्यांनीच घरी नेला होता.

गप्प बसलं असतं तर चिमणी गेलीच असती. ती गेल्यावर तिची कामं कोणाकडे येणार, हेही त्यांना कळत होतं. मास्तर जेवून येतो म्हणाले आणि उठले.

बायको जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती, वाचनालयाचं पान करत. बारा वर्षांपूर्वी मास्तरांना लेयर टाकायला हिनेच शिकवलं होतं. मुलीच्या वेळी तिने कार्यालय सोडलं, आणि नव्या पद्धती तिच्यापर्यंत पोचल्याच नाहीत.

"काल चारला मी झोपलो होतो, तेव्हा तू तिचं नाव झाकलंस," मास्तर उभ्याउभ्याच म्हणाले. "डाव्या कडेपासून मोजून, आपण पूर्वी मोजायचो तसं. या पडद्यावर ते बरोबर बसलं. बाकी सगळ्यांच्या पडद्यावर ते सरकलं आणि प्रसूतिगृहाच्या नंबरवर पडलं."

बायकोने आधी नाकारायला तोंड उघडलं. मग विचारलं, "नंबरवर?" मास्तरांनी कळा आलेल्या बाईची हकिकत सांगितली, तशी ती पांढरी पडली.

"मला फक्त तिचं नाव डोळ्यांसमोर नको होतं," ती म्हणाली. "सहा महिने तू जेवायला बसलास की ती येऊन बसते. आज चिमणी अशी, आज चिमणी तशी. मी दिवसभर काय केलं, ते एकदा तरी विचारलंस? मी काय समजायचं?"

मास्तरांच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला.

"अगं, मी तिच्यावर जळत होतो. ती माझ्यापेक्षा चांगलं काम करते, म्हणून."

हे त्यांनी आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"एवढं तर प्रेमात पडलेलाही बोलत नाही," बायको म्हणाली. तिने डोळे पुसले, लॅपटॉप मिटून काखेत मारला आणि चपला घातल्या.

चार वाजता तिने मालकांसमोर सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. डॉक्टरीणबाईंना फोनही तिनेच केला आणि पलीकडची बोलणी मुकाट्याने ऐकून घेतली. चिमणीची नोकरी राहिली. लॅपटॉप जमा झाला, पासवर्ड बदलला. पासवर्ड घरी नेल्याबद्दल मालकांनी मास्तरांना शिक्षा दिली. यापुढे त्यांचं प्रत्येक पान बाहेर जाण्याआधी चिमणी तपासणार होती.

बायको चिमणीसमोर उभी राहिली. माफ कर, म्हणाली. चिमणी लगेच काही विरघळली नाही. ठिगळ काढून टाकेपर्यंत ती पडद्याकडेच बघत होती.

"पान मात्र देखणं केलंयस," बायको म्हणाली. "कुठल्याही पडद्यावर मधोमध कसं ठेवतेस?"

चिमणीने तिच्याकडे एकदा नीट बघितलं, मग पायाने शेजारची खुर्ची पुढे ढकलली. अर्ध्या तासाने दोघींची डोकी एकाच पडद्याला लागली होती, आणि बायको कशावर तरी मनापासून हसली. तिला इतकं हसताना मास्तरांनी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्यांच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं, पण या वेळी कोणावर जळावं, ते त्यांना कळेना.