कानबाईची सुट्टी

या मायबाप, टाळ बाजूला ठेवा नि जरा पुढे सरकून बसा. बुवा उत्तररंगात आख्यान लावतात, तसं एक आख्यान सांगतो. यातला चोर मात्र शेवटापर्यंत आपल्यातच बसलेला आहे. ओळखता आला तर ओळखा.

श्रावण सरत आला होता. सुरतेतल्या उधन्याच्या एका गल्लीत शोभाबाई धापा टाकत शालिग्राम गुरुजींच्या दारात आल्या. गुरुजी मराठी शाळेतून निवृत्त झालेले, भजनी मंडळाचे विणेकरी.

"गुरुजी, चला! माझी योगिता सकायपासून दार उघाडत नै. मी काय करू आते?"

गुरुजी गेले. बंद दाराला कपाळ टेकवून म्हणाले, "योगिता, मी रागवायला नाही आलो गं. ऐकायला आलोय."

बऱ्याच वेळाने कडी निघाली. खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या लूम कारखान्याच्या भिंतीला लागून. खटखटाट आत येई, हवा येत नसे. पोरीचे डोळे सुजलेले.

"बँकेने खातं गोठवलंय. पोलिसांचा फोन आला. माझ्या खात्यातून चोरीचा पैसा फिरलाय म्हणे. उद्या हजर व्हायचंय."

"कुणाचा पैसा?"

"पार्ट टाइम जॉब होता, गुरुजी. कॉलेज संपल्यावर किती शोधलं! मग मोबाइलवर मेसेज आला. काव्या मॅडम, बेंगळुरूच्या. खात्यात रक्कम आली की त्या सांगतील तिथे पाठवायची."

"मुलाखत झाली?"

"नाही."

"कंपनीचा पत्ता?"

"नाही."

"तुला काय येतं, हे तरी विचारलं?"

"फक्त खातं कोणत्या बँकेत आहे, ते विचारलं."

"मग पोरी, नोकरीला तू नाही लागलीस. तुझं खातं लागलं."

तिने मोबाइल पुढे केला. मॅडमचा शेवटचा मेसेज होता: 'पोलिसात बोललीस तर तूच आत जाशील.' त्यानंतर नंबर बंद. पुढे पोलीस, मागे मॅडम, मध्ये ही कोंदट खोली. पोर पार कोंडली होती.

एव्हाना दारात गल्ली जमली. समोरची गायत्री रडवेली झाली होती. तीही तेच काम करत होती; गल्लीतल्या आणखी दोघीही.

"निंबाचंच काम हे!" कुणीतरी म्हणालं. "सगळ्यांचे नंबर त्याच्याच रिचार्जच्या दुकानात."

निंबा उसळला, "अरे वा रे! रिचार्ज मारायचं मी, नि चोरही मीच?"

लायटिंगवाला चेतन स्टुलावर चढून शोभाबाईंची ट्यूब बसवत होता. गल्लीचा लाडका पोरगा. तो खाली उतरला. "मावशी, पोलिसात नका जाऊ. पोरीचं नाव खराब होईल. बेंगळुरूचे चोर कुठे सापडतात?"

गुरुजी दोन्ही मुलींचे मेसेज चाळत होते. त्यांचा अंगठा थांबला.

"गायत्री, कानबाईच्या रविवारी, घरोघरी देवी बसली तेव्हा, तू काम केलंस?"

"नाही. मॅडमने रविवार-सोमवार सुट्टी दिली होती. आम्हा तिघींनाही."

"योगिता, तुला?"

"मला त्या रविवारी सकाळीच काम आलं."

"शोभाबाई, यंदा तुमच्याकडे कानबाई बसली नाही ना?"

शेजारणी म्हणाल्या, "त्या पर्वत पाटियाला गेलेल्या, थोरल्या जावेकडे कानबाईच्या रोटांचा प्रसाद खायला. दाराला कुलूप होतं की!"

शोभाबाईंनी पदर तोंडाला लावला. "खोटं होतं ते. शनिवारी संध्याकाळी गावाहून फोन आला. आमचे चुलत सासरे, गणपतबाबा, गेले. सुतक लागलं. हे रातोरात गावाला निघाले. घरोघरी कानबाई बसणार, त्यात आमचं रडणं कुठे ऐकवू? मी नि पोर दोन दिवस आतच बसलो. दिवासुद्धा नाही लावला."

"आत बसून बाहेरून कुलूप कुणी लावलं?"

शोभाबाईंची नजर स्टुलाकडे गेली.

गुरुजी शांतपणे बोलले, "ऐका. एरवी रविवारीही राबवणारी बेंगळुरूची कुठली कंपनी नेमकी श्रावणातल्या त्याच रविवार-सोमवारी सुट्टी देते? कानबाई फक्त आपल्या खानदेशी घरांची. म्हणजे मॅडम आपल्यातलीच. निंबाही खानदेशीच. पण निंबाला, सगळ्या गल्लीला वाटलं की योगिता पर्वत पाटियाला रोट खातेय. तसं मानणाऱ्याने तिलाही सुट्टीच दिली असती. तिला काम दिलं ते अशा माणसाने, ज्याला ठाऊक होतं की या घरी देव नाही, सुतक आहे, नि पोर कुलपाआड रिकामी बसलीय. असा गल्लीत एकच. चेतन, शनिवारी संध्याकाळी गावाहून फोन आला, तेव्हा कानबाईसाठी लायटिंगची माळ लावायला तूच या घरी आला होतास ना?"

चेतन दाराकडे वळला. दारात निंबा उभा होता. "आता रिचार्ज मारू का तुझं?"

"मला मावशीनेच कुलूप लावायला सांगितलं," चेतन पुटपुटला.

"कुलूप तिने सांगितलं. काम कुणी सांगितलं?"

चेतनने हात जोडले. "टोळीतल्या वरच्यांना त्या दिवशी एक तरी खातं हवंच होतं. पण कानबाईपुढे बसलेल्या बाईला चोरीच्या कामाला कसं लावू? देवीचा कोप झाला असता, गुरुजी. इथे तर सुतक होतं..."

"माय वं!" शोभाबाई कळवळल्या. "देवीला भ्यालास रे, आणि माझ्या लेकीला?"

गुरुजींनी तिथूनच सायबर हेल्पलाइनला, एकोणीसशे तीसला, फोन लावला. पोलीस आले. लायटिंगच्या पेटीत माळांखाली सिमकार्डं निघाली. त्यांतच मॅडमचाही नंबर होता. योगिता दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेली ती गुरुजींसोबत, जबाब द्यायला. साहेब म्हणाले, "खातं सुटायला वेळ लागेल, बेन. पण तुझं नाव आता साक्षीदारात."

घरी आल्यावर तिने दार उघडं टाकलं, सताड, नि उंबऱ्यात बसून पोटभर जेवली.

मायबाप, उद्या कुणी तुम्हाला काय येतं ते न विचारताच काम देऊ लागलं, तर या पोरीला आठवा. आणि एक मागणं. सांजवात लावाल तेव्हा गणपतबाबांचंही नाव घ्या. गावच्या कीर्तनात मागे उभं राहून जन्मभर टाळ धरला त्यांनी. त्यांच्या सुतकानेच चोर ओळखू आला; जाताना नातीचं कुलूप उघडून गेले.