मैत्रिणीच्या दुरुस्त्या

'लिफ्ट बंद आहे.' पहिल्या मजल्यावरच्या पाटीवर एवढंच लिहिलं होतं, आणि मी ती चांगली दोन मिनिटं वाचत उभी होते.

खालून कुणीतरी दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर आलं. काखेत कागदांचं भेंडोळं, हातात निथळती छत्री.

"छापखाना वरच ना? चला की मग."

"तुम्ही व्हा पुढे. मी वाचतेय."

त्यानं पाटीकडे पाहिलं. "अहो, तीन तर शब्द आहेत!"

"मुद्रितशोधक आहे मी," मी श्वास सांभाळत म्हटलं. "तीन शब्दांतही... चार चुका सापडतात."

तो मोठ्यानं हसला आणि वर गेला. मी कठडा धरून आणखी वीसपर्यंत आकडे मोजले.

लहानपणीच्या एका न्यूमोनियानं माझी फुप्फुसं कायमची अधू झालीत. छापखान्यात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," आई म्हणायची. "कळलं की माणसं एक तर कीव करतात, नाहीतर काढता पाय घेतात." हे सांगितल्यावर माझं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हापासून मलाही ते पटलं होतं.

आणि हा गृहस्थ निघाला छातीच्या दवाखान्यातला समुपदेशक! दम लागला की भीती वाटते, भीतीनं आणखी दम लागतो. त्या फेऱ्यातून रुग्णानं बाहेर कसं यायचं, यावर तो पुस्तिका काढत होता. प्रूफं माझ्याच टेबलावर आली. पहिलं वाक्य होतं, 'घाबरू नका.'

मुद्रितशोधकानं ऱ्हस्व-दीर्घ बघावं, मजकुरात नाक खुपसू नये. पण माझी पेन्सिल घसरलीच. त्या वाक्यावर काट मारून मी समासात लिहिलं, 'भीती वाटणारच. आधी बसा, पुढे झुका, कोपरं गुडघ्यांवर टेकवा. ओठ आवळून हळूहळू श्वास सोडा. बाकीचं नंतर.' चौथ्या पानावर 'रुग्णाला बोलतं करा' असं होतं. तिथे लिहिलं, 'त्या वेळी नको! बोलायलाही श्वास लागतो.'

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलासमोर उभा. "हे कुणी लिहिलं?"

"माझी... एक मैत्रीण आहे. तिला हा आजार आहे. ती सांगत असते."

"सहा वर्षं हे काम करतोय मी. असं कुणी सांगितलं नव्हतं. तिला आणखी विचाराल?"

झालं! दर बुधवारी तो मैत्रिणीसाठी प्रश्न घेऊन यायला लागला, आणि मी दर मंगळवारी केस धुवायला लागले.

"तिला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते?"

"बघणाऱ्यांची," मी म्हटलं. "लोकांसमोर दम लागला की, त्या नजरांची."

त्यानं ते लिहून घेतलं. मग पेन बंद करून खिशात ठेवलं. "आणि... तिला कुणी आवडतं का?"

"हे पुस्तिकेत घालणार?"

"छे. बरं, मैत्रिणीचं राहू दे... तुम्हाला?"

माझे कान तापले. मी प्रूफात डोकं घातलं आणि एकच ओळ पाच वेळा वाचली. सांगून टाकावं असं किती वाटत होतं! त्याला तर सगळं समजलं असतं, आणि तीच भीती होती. उद्या मी त्याची रुग्ण झाले तर? समोरची खुर्ची, तो धीराचा मऊ आवाज... मला तो आवाज नको होता.

शेवटचं प्रूफ नेताना तो म्हणाला, "संध्याकाळी टेकडीवर जाऊ या? वरून सगळं गाव दिसतं."

टेकडी! "नको."

"मग पुढच्या आठवड्यात?"

"कधीच नको."

त्याचा चेहरा पडला. "समजलं," म्हणाला, आणि गेला.

मी क्षणभर बसून राहिले. मग उठले आणि चक्क धावले. तीन मजले, फाटक, रस्ता. तो पुढे चालला होता. हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. एका बंद दुकानाच्या पायरीवर मी कोसळले. छातीचा भाता नुसता चालला होता, आत काहीच जात नव्हतं. माणसं जमली. कुणी पाणी आणलं, कुणी "अरेरे" म्हणालं. त्या गलक्यानं तो वळला. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

त्यानं सगळ्यांना बाजूला केलं आणि माझ्या शेजारी बसला. एक शब्द बोलला नाही. बऱ्याच वेळानं, मला जरा उसंत मिळाल्यावर, म्हणाला, "ती मैत्रीण..."

"नाहीच... कुणी."

तो म्हणाला, "रोज दहा जणांना धीर देतो मी. पण आत्ता... मला काही म्हणजे काही सुचत नाहीये. फार भ्यालो."

तो मऊ आवाज कुठेच नव्हता.

"ऐका," मी म्हटलं. "मध्ये बोलू नका. हा आजार... बरा होत नाही. आणि तुम्ही मला आवडता. फार आवडता. दोन्ही एकदमच सांगतेय... वेगवेगळं सांगायचा धीर नाही माझ्यात."

त्यानं मान हलवली. मग विचारलं, "आता बोलू?"

"बोला."

"मी असाच घाबरणार आहे, दर वेळी. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. आम्ही तिथेच बसून राहिलो. माझा श्वास अजून जागेवर आला नव्हता, आणि त्याचाही.