संध्याकाळचे निरोप

शनिवारी गोदीत अर्धा दिवस काम असायचं. कॉफीची पोती उतरवून झाली की मी अंगावरची धूळ झटकायचो आणि जुन्या बाजाराच्या गल्लीत जायचो. इटलीतल्या त्रिएस्तेत मला दुसरी जागा ठाऊक नव्हती. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. वस्तू हातात घ्यायची, फिरवून बघायची, ठेवायची. अशीच मला सुई नसलेला एक ग्रामोफोन मिळाला होता, एका कानाने बहिरा हेडफोन मिळाला होता, आणि कुणाच्या तरी लग्नातल्या अकॉर्डियनची कॅसेट. गावी परत जाईन तेव्हा आईला सगळं दाखवायचं, असं मनात होतं.

त्या शनिवारी बोरा, इथला झोंबरा वारा, सुटला होता. वारा दुकानांच्या पाट्या हलवत होता. ब्रूनो म्हाताऱ्याच्या दुकानात मागच्या फळीवर एक छोटा रेडिओ दिसला. लाकडी पेटी, पुढे पिवळं कापड. नाकाजवळ नेला तर त्याला मेणाचा वास येत होता. चर्चमध्ये असतात ना, त्या पिवळ्या बारीक मेणबत्त्यांचा.

"चालतो का?" मी विचारलं.

"माझ्यापेक्षा बरा चालतो," ब्रूनो म्हणाला. "फक्त गाणी कमी आणि बडबड जास्त. माझ्या बायकोसारखा. ने, तुला सोबत होईल. तुझ्या खोलीत झुरळंसुद्धा एकटी असतील."

मी हसलो. त्याचं खरंच होतं.

मासळीच्या दुकानावर माझी खोली होती. दिवेलागणीला मी खिडकीत रेडिओ ठेवला आणि बटण फिरवलं. खरखर, एक इटालियन बाई, पुन्हा खरखर. आणि मग आमची भाषा.

नुसती आमची भाषा नव्हे. आमच्या तालुक्याचं केंद्र! ते घाटापलीकडे पोचत नाही. पलीकडच्या गावातले लोक आम्हाला त्यावरून चिडवतात. आणि इथे, समुद्राकाठी, ते लागलं होतं. निरोपांचा कार्यक्रम चालू होता. आमच्याकडे पोरगं फौजेत गेलं, बाळ झालं, कुणी परदेशी गेलं, की माणसं केंद्राच्या खिडकीवर जाऊन निरोप देतात. निवेदिका तो वाचते आणि मागून गाणं लावते.

"परदेशी असलेल्या आमच्या नाउमला," ती म्हणाली, "आठवण येते, असं कळवतात रिस्ते आजोबा आणि फाना मावशी."

नाउम म्हणजे मी.

माझे डोळे भरून आले, हे सांगायला लाज वाटत नाही. रिस्ते आजोबा आमच्या कोपऱ्यावरचे, मला काठीचा घोडा करून द्यायचे. फाना मावशीने माझे सगळे सदरे शिवले. इतक्या दिवसांत या शहरात कुणी मला नावाने हाक मारली नव्हती. गोदीत मी 'ए, लांब्या' होतो.

मग मी रोज दिवेलागणीला धावत घरी येऊ लागलो. रोज तोच निरोप. काही दिवसांनी त्यात एक नाव वाढलं, शाळेतल्या मित्सेचं. मला वाटलं, फौजेतून सुट्टीवर आला असेल.

ग्योकोदादा आमच्याच खोऱ्यातला, गोदीत माझ्या जोडीला. तो गावी जाऊन परत आला, तेव्हा मी त्याला सांगितलं, रेडिओवर कोण कोण माझी आठवण काढतं ते.

"काय लांब्या, मोठा माणूस झालास की," तो हसला. "कोण रे, कोण?"

मी नावं सांगितली. त्याने पोतं खाली ठेवलं.

"चेष्टा करतोस?"

"नाही दादा."

"रिस्ते आजोबा हिवाळ्यातच गेले... फाना ईस्टरच्या आधी. आणि मित्सेचा ट्रक दरीत..." त्याने हात माझ्यापुढे धरले. "तिघांच्या थडग्यांवर मीच मेणबत्त्या लावून आलो. बघ, अजून वास आहे."

होता. रेडिओचाच वास.

त्या संध्याकाळी मी रेडिओ लावणार नव्हतो. पण नुसतं बसून राहणं त्याहून वाईट होतं. बटण फिरवलं.

"...आमच्या नाउमला, कळवतात रिस्ते आजोबा, फाना मावशी, मित्से... आणि आई, दोस्ता."

दोस्ता हे माझ्या आईचं नाव.

जिना कसा उतरलो आठवत नाही. कोपऱ्यावरच्या बारमध्ये फोन होता. गावी शेजारणीकडे लावला.

"आईला बोलवता?"

"थांब... हाक मारते."

मग काहीच नाही. दूर कुत्रं भुंकत होतं. दार वाजलं. मी फोनची तार बोटाला घट्ट गुंडाळत राहिलो. आणि धापा टाकण्याचा आवाज.

"अरे मेल्या, चुलीवर मिरच्या टाकून आले! काय झालं? आजारी आहेस?"

मी तिथेच भिंतीला टेकलो. आई जिवंत होती. मिरच्या भाजत होती.

"आई, रेडिओवर... तुझं नाव..."

"ऐकलंस? इतक्या लांब?" ती खूश झाली. "बाजाराला गेले होते, म्हटलं पोराला निरोप द्यावा. खिडकीवरची मुलगी म्हणाली, त्याच्या नावाने एक निरोप आहेच, तुमच्याच गावच्या लोकांचा, त्यात नाव घाला, स्वस्तात होईल. सगळे तसंच करतात की."

"कोणाचा ते विचारलं नाहीस?"

"काय विचारायचं? मला बरंच वाटलं. माझ्या पोराची कुणीतरी आठवण ठेवतंय."

"आई, तुझं नाव काढ. उद्याच जा."

"पैसे भरलेत रे. जागा रिकामी ठेवू?"

"मग माझं घाल. तुझं काढ आणि माझं घाल."

"तुझाच निरोप तुला?" ती खळखळून हसली. "खुळा आहेस. बरं, मग तो मला येऊ दे. मला कुठे कोण पाठवतं?"

"हो. पण तुझं नाव काढ. शपथ घे."

शपथ घेतली तिने. मी बारमध्ये उभ्यानेच कॉफी प्यायलो, आणि कपाकडे बघून मूर्खासारखा हसलो.

दुसऱ्या दिवशी ग्योकोदादाला सोबत ये म्हटलं. तो म्हणाला, "मला नको बाबा." मी एकटाच बसलो. खाली मासळीवाला फरशी धूत होता. वारा पडला होता. रेडिओ लावला.

"आमच्या दोस्ताला," निवेदिका म्हणाली. तिचा आवाज आज अगदी जवळून येत होता. "घरात ती एकटीच आहे. तिची आठवण येते, असं कळवतात रिस्ते आजोबा, फाना मावशी, मित्से..." ती थांबली. कागद सरकल्यासारखा वाटला. "...आणि नाउम."

मग गाणं लागलं. पोती वाहताना मी मनातल्या मनात म्हणतो ते. तोंडाने कधी म्हटलेलं नाही.

त्यानंतर रेडिओ मुका झाला. आई ठणठणीत आहे. फोनवर मला अजून खुळा म्हणते. रेडिओ मी ब्रूनोला परत द्यायला नेला. त्याने पेटी नाकाशी धरली आणि म्हणाला, "वास गेला की याचा. कसा घालवलास?"

पेटी त्याच्याकडे सोडून मी निघालो. रोज रात्री मी सदरा धुतो. साबण लावून, दोनदा. सकाळी घालतो तेव्हा पिवळ्या मेणाचा वास येतो.