रिकाम्या खोलीचा नमुना

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, वर्तमानपत्रांचे जुने गठ्ठे ठेवलेल्या खोलीत, दर बुधवारी दुपारी अभ्यासकांची एक छोटी बैठक जमायची. संगणकाशी ज्यांचं कधी सूत जुळलं नव्हतं अशी ही मंडळी. कुणाचं काम जुन्या हस्तलिखितांवर, कुणाचं व्याकरणावर. बोलणं मात्र एकाच गोष्टीवर, कुठला प्रोग्राम काय करतो आणि तो अडला की काय करायचं. अध्यक्षपद आपोआप मास्तरांकडे आलं होतं. ते व्याकरणाचे निवृत्त शिक्षक, फाईल सेव्ह केल्यावरही "झाली ना रे बाबा?" असं पडद्याला विचारून खात्री करून घ्यायचे. खरी मदार डॉक्टरवर. तिची डॉक्टरेट नाण्यांवरची, पण सगळ्यांचे आजारी लॅपटॉप तीच बरे करायची, त्यामुळे हे नाव तिला शोभायचं. जे येऊ शकत नसत त्यांच्यासाठी ती बैठकीचं रेकॉर्डिंगही करून ठेवायची.

बैठकीतल्या ताईचं घोडं अडलं होतं ते पंख्यापाशी. छापखान्यातल्या कामगारांच्या बोलण्यावर तिचा प्रबंध होता आणि त्यात सगळ्यात मोलाचं होतं तिच्या वडिलांचं बोलणं. त्यांनी जन्मभर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. शेवटच्या आजारात तिनं त्यांना बोलतं केलं, पण ते काही केल्या पंखा बंद करू देईनात. ते गेले, आणि मागे राहिलेलं त्यांचं सगळं बोलणं पंख्याच्या करकरीत बुडून गेलेलं. बोललेलं लिहून देणारा प्रोग्राम तर त्यांच्या वाक्यांची पार वाट लावायचा. प्रबंधाचं काय, तो आज ना उद्या झाला असता. ताईला बाबांचा आवाज एकदा धड ऐकायचा होता.

"मुलाखतीआधी रिकामी खोली रेकॉर्ड केली होतीस?" डॉक्टरनं विचारलं.

"रिकाम्या खोलीत काय रेकॉर्ड करायचं?"

"झालं! अगं, कुणी नसताना खोलीचा जो आवाज असतो तो प्रोग्रामला नमुना म्हणून द्यायचा. तेवढाच तो रेकॉर्डिंगमधून काढून टाकतो. माणूस राहतो, खोली जाते. आता कर. पंखा लाव, रेकॉर्डर ठेव आणि दार ओढून बाहेर थांब. माझा नवा रेकॉर्डर घेऊन जा."

डॉक्टरनं सांगितलं तसंच ताईनं केलं. बाबांच्या खोलीत पलंग तसाच होता, चष्म्याची डबी खिडकीत तशीच. ती स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि थोड्या वेळानं रेकॉर्डर उचलून आणला.

पुढच्या बुधवारी डॉक्टरनं साफ केलेलं रेकॉर्डिंग लावलं. पंखा गेला होता. ताईचे प्रश्न लख्ख ऐकू येत होते. "बाबा, खिळे हाताला गरम लागायचे का?" मग शांतता. "मग काय करायचात?" पुन्हा शांतता.

बाबा कुठेच नव्हते.

"नमुना घेताना खोलीत कुणी बोलत होतं का?" डॉक्टरनं कपाळाला आठ्या घालून विचारलं. "जे नमुन्यात असतं तेच तो काढतो. पदरचं काही करत नाही."

"घरात मी एकटी असते. कोण बोलणार?"

डॉक्टरनं नमुन्याचा आवाज वाढवला. आधी नुसती करकर. मग तिच्याखाली कुणीतरी घसा साफ केला. "हं, तर," असं म्हणून एक म्हातारा आवाज सावकाश बोलू लागला. मध्येच थांबायचा, कुणी काही विचारल्यासारखा, आणि पुन्हा बोलायचा.

मास्तरांनी हातातला पेला खाली ठेवला. "रेकॉर्डरमध्ये आधीचं काही राहिलं असेल."

"मास्तर, तो रेकॉर्डर मी डबा फोडून हिच्या हातात दिला," डॉक्टर म्हणाली. "ताई, हा नमुना टाकून दे. आपण दुसरी वाट काढू."

"टाकू? अगं, बाबा आहेत त्यात!" ताईनं लॅपटॉप आपल्याकडे ओढला. आणि नमुन्यातले बाबा ते सांगत होते जे त्यांनी तिला कधीच सांगितलं नव्हतं. आई छापखान्याच्या फाटकाशी छत्री घेऊन कशी उभी राहायची, ते. आई गेली तेव्हा ताई रांगत होती.

त्यानंतर तिनं नमुन्यांमागून नमुने घेतले. आईचं हसणं, आईचा राग, आईनं शिवलेलं पहिलं झबलं. बाबांचा आवाज दर खेपेला जवळ येत होता. ताईच्या चेहऱ्यावर तजेला आला, वजन मात्र उतरत चाललं. प्रबंधाचं नावही ती काढीना.

"ते सांगतात, ठीक," मास्तर एकदा हळूच म्हणाले. "पण कुणाला सांगतात, पोरी?"

हा प्रश्न ताईच्या डोक्यातून जाईना. म्हणून एका बुधवारी तिनं रेकॉर्डर चालू ठेवला, घराला कुलूप लावलं आणि ती बैठकीला आली. दुपारभर सगळ्यांसमोर बसली. नेहमीसारखी मास्तरांची थट्टाही केली. संध्याकाळी ती डॉक्टरला घरी घेऊन गेली आणि दोघींनी तो नमुना पलंगावर बसून ऐकला.

बाबा बोलता बोलता थांबले.

"मग आई काय म्हणाली?" एका बाईनं विचारलं.

डॉक्टरनं ताईकडे पाहिलं. तो आवाज ताईचा होता.

"तू तर आमच्यात बसली होतीस," डॉक्टर पुटपुटली. तो नमुना तिनं स्वतःच्या लॅपटॉपवर घेतला, पुन्हा नीट तपासते म्हणाली आणि चहाला न थांबता निघून गेली.

नंतरच्या बुधवारी तिनं आधीच्या बैठकीचं रेकॉर्डिंग लावलं. ते साफ करताना प्रोग्राममधला नमुना बदलायचं ती विसरली होती. ताईच्या खोलीचाच राहून गेला होता.

मास्तरांचा खोकला ऐकू आला. डॉक्टरची बडबड. "ताई, तुझं काय मत?" असं मास्तरांनी विचारलं.

मग काहीच नाही.

मग सगळे खो खो हसले.

"माझीच चूक," डॉक्टर घाईघाईनं म्हणाली. "मूळ रेकॉर्डिंग आहे ना, त्यात तू असणारच. थांब, लावते."

"राहू दे," ताई म्हणाली. तिनं रेकॉर्डर पर्समध्ये टाकला आणि ती उठली. तिला आश्चर्य वाटलं ते एकाच गोष्टीचं, की आपल्याला भीती वाटत नाही. "मी निघते. घरी बाबा वाट बघत असतील."

मास्तरांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालीस? जरा मोठ्यानं बोल, पोरी."

ती मोठ्यानंच बोलली होती.