मागचा उजवा कोपरा

आधीच सांगते, पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्येची रात्र लागते. ही गोष्ट भर दिवसाची आहे. साल २०१९, नोव्हेंबर महिना, जर्मनीत आइफेलच्या डोंगरातलं आमचं क्रोनेनबाख गाव. आणि ज्याच्यावर हे बेतलं तो माझा सख्खा धाकटा दीर, लेनार्ट.

लेनार्ट छपरांची कामं करतो. माणूस नीटनेटका. इतका, की दुसऱ्याच्या घरातली तसबीर तिरकी दिसली तरी जेवता जेवता उठून सरळ करेल. त्याचा हाच स्वभाव त्याला नडला.

त्याची बायको मेर्ले तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. आणि या पठ्ठ्याला वेध लागले होते आपली निळी गाडी खाली बसवायचे, म्हणजे हौशी पोरं करतात तशी तिची उंची कमी करायचे.

"बाळ यायच्या आत गाडी खाली बसवायची म्हणजे बसवायची," तो म्हणायचा.

"लोक बाळ यायच्या आत पाळणा आणतात," मेर्ले म्हणायची.

वाद एवढाच होता, की बसवायचं काय. लोअरिंग स्प्रिंगा घातल्या तर गाडी एकदाच खाली येते, मग तिथून हलत नाही. कॉइलओव्हर घातले तर आट्यांवर बसवलेली कडी असते. ती फिरवली की गाडी हवी तेवढी वर, हवी तेवढी खाली.

लेनार्टचा मित्र गेरेऑन गावातलं छोटं गॅरेज चालवतो. त्याचं मत ठरलेलं. "हे बघ, स्प्रिंगा म्हणजे लग्न. एकदा बसल्या की बसल्या. कॉइलओव्हर म्हणजे साखरपुडा. मन बदललं तर कडी फिरवायची."

"म्हणूनच तुझी दोन लग्नं मोडली," मेर्ले म्हणाली. "लेनार्ट, स्प्रिंगा घाल आणि विषय संपव. पाठीमागे बाळ बसणार आहे, मला रोज वरखाली होणारी गाडी नको."

"अगं, बाळासाठीच तर म्हणतोय! बाबागाडी आली, सामान आलं की वर घेता येईल."

नवे कॉइलओव्हर परवडणारे नव्हते. आणि नेमकी तेव्हाच त्याला एक जाहिरात दिसली. जुने, पण कागदपत्रांसकट. फुकटात म्हणावं अशा भावात.

एक नोव्हेंबर. शुक्रवार. सर्व संतांचा दिवस.

त्या दिवशी आमच्याकडे सगळं बंद असतं. दुकानं बंद, करवती बंद, मोठ्याने बोलणंसुद्धा कमी. सगळं गाव दुपारी कबरींवर लाल दिवे ठेवून येतं. लेनार्टही सासऱ्यांच्या कबरीवर दिवा ठेवून आला, आणि तसाच पुढे तीन वळणांपलीकडच्या वाडीत गेला.

विकणारा म्हातारा एकटाच होता. हेरिबर्ट स्ट्राउख नाव. तो त्याला मागच्या शेडमध्ये घेऊन गेला. फळीवर चारही कॉइलओव्हर पुसून, ओळीने मांडून ठेवलेले.

आणि त्यांच्या शेजारी... कबरीवर ठेवतात तसा लाल दिवा जळत होता.

"स्ट्राउखसाहेब, दिवा इथे? कबरीवर नाही नेलात?"

"नाव माहीत असतं तर नेला असता," म्हातारा म्हणाला.

लेनार्टला वाटलं, वय झालंय.

म्हाताऱ्याने एकच अट घातली. मागच्या उजव्या बाजूची कडी बोटाने दाखवली. तिच्यावर लाल नेलपॉलिशची बारीक खूण होती. "ही बाकीच्यांपेक्षा चौदा मिलिमीटर वर आहे. तिला हात लावू नकोस. तशी ठेवलीस तर गाडी सरळ उभी राहील."

"एक बाजू वर ठेवून गाडी सरळ कशी राहील?"

"राहते," म्हातारा म्हणाला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी गेरेऑनच्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढली, कॉइलओव्हर बसले. लेनार्टने मागची उजवी कडी पाहिली. त्याच्या जिवाची नुसती तगमग झाली.

"चौदा मिलिमीटर! म्हाताऱ्याला आटे मोजता येत नाहीत!"

"त्याने हात लावू नको सांगितलंय ना?" गेरेऑन म्हणाला.

"वाकडं ते वाकडं."

त्याने थिनरच्या फडक्याने नेलपॉलिशची खूण पुसली. कडी खाली फिरवली. डावीकडचे आटे मोजले, उजवीकडचे मोजले. अगदी सारखे.

गाडी खाली उतरवली. थोडी पुढेमागे ढकलली, कारण तसं केल्याशिवाय स्प्रिंगा जागेवर बसत नाहीत. मग टेप घेऊन मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत अंतर मोजलं.

मागचं डावं... तीनशे चाळीस.

मागचं उजवं... तीनशे सव्वीस.

बरोबर चौदाने खाली.

"स्प्रिंग थकली असेल," गेरेऑन म्हणाला. त्यांनी डावी स्प्रिंग उजवीकडे घातली, उजवी डावीकडे. पुन्हा ढकलली. पुन्हा मोजलं.

खाली होता तो उजवाच कोपरा.

गेरेऑन गाडीकडे बघत राहिला. मग हसत म्हणाला, "मागे कुणी बसलंय का रे?"

लेनार्ट हसला नाही.

रविवारी सकाळी गाडीच्या सगळ्या काचांवर बाहेरून दहिवर गोठलं होतं. त्याने खरवडून काढलं. एकच काच साफ होईना.

मागची उजवी.

तिच्यावर वाफ होती... आतून.

त्याने मेर्लेला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? सोमवारी तिला तपासणीसाठी डॉक्टरकडे घेऊन गेला. ती नेहमीप्रमाणे त्याच्या शेजारी, उजवीकडे बसली होती; आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं. अर्ध्या वाटेत ती वैतागून म्हणाली, "लेनार्ट, मागून हात घालून माझी सीट नको ना ढकलूस. पाठ आधीच दुखतेय."

लेनार्टचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

तिच्याही ते लक्षात आलं. ती पोटावर हात ठेवून सरळ समोर बघत बसली.

बुधवारी त्याने बाळाची खुर्ची बसवायला घेतली. मागे, उजवीकडे, कारण फुटपाथ त्या बाजूला येतो. खुर्ची खटका लागून बसायला हवी. कितीही दाबली तरी बसेना. मध्ये काहीतरी मऊ येत होतं. हात घालून पाहिलं तर काही नाही. डावीकडे लावली तर पहिल्याच झटक्यात... खट्.

जिथे त्याचं मूल बसायचं, ती जागा रिकामी नव्हती.

गुरुवारी दुपारी गाडीच्या सरकारी तपासणीची वेळ होती. गाडी खाली बसवली की केंद्रावर मोजून घ्यावी लागते, कागदावर चढवावी लागते. केंद्र एकतीस किलोमीटरवर. तिथल्या तपासनीस बाई, फ्राउ प्युट्स, करड्या स्वभावाच्या म्हणून प्रसिद्ध होत्या. लेनार्ट गाडीतून उतरून बाजूला उभा राहिला. बाईंनी पुढची दोन्ही चाकं मोजली. मागचं डावं मोजलं. मग उजवीकडे जाऊन उकिडव्या बसल्या. टेप लावली. कपाळाला आठी पडली. त्यांनी वर, काचेकडे पाहिलं.

आणि म्हणाल्या...

"मागच्या बाईंना जरा उतरायला सांगा. मोजमाप रिकाम्या गाडीचं असतं, माहीत नाही का तुम्हाला?"

लेनार्ट एकदा बाईंकडे, एकदा गाडीकडे बघायला लागला.

"सांगा ना. मागे अजून चार गाड्या उभ्या आहेत."

तो गेला. मागचं उजवं दार उघडलं. सीट रिकामी होती. ओल्या लोकरीच्या कोटाचा येतो तसा वास आला. काय करावं ते सुचेना, म्हणून तो हळूच म्हणाला, "कृपया... उतरता का?"

एक क्षण काहीच झालं नाही.

मग स्प्रिंग करकरली... आणि तो कोपरा त्याच्या डोळ्यांदेखत वर आला.

"आभारी आहे," फ्राउ प्युट्स म्हणाल्या. लेनार्टला नव्हे. त्याच्या खांद्यामागे बघून.

टेप लावली. तीनशे चाळीस. शिक्का मारला.

मागे वळून बघायचं धाडस लेनार्टला झालं नाही. तो थेट म्हाताऱ्या स्ट्राउखकडे गेला.

शेडमध्ये लाल दिवा अजून जळत होता. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दार कोणी उघडलं?"

"मी."

"एकोणीस वर्षं मी माझ्या गाडीचं ते दार उघडलं नाही. तिला कधी उतर म्हटलं नाही."

"पण कोण आहे ती?"

"मला काय माहीत? मी हे विकत घेतले तेव्हाही उजवी चौदाने वरच होती. मला सांगितलं तेच मी तुला सांगितलं. तिच्यापुरती जागा ठेवायची, बाकी ती काही मागत नाही."

"मग आता झालं ना? उतरली. गेली."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे फार कणवेने पाहिलं. "पायी येणाऱ्याला वेळ लागतो पोरा, एवढंच."

शनिवारी लेनार्टने कॉइलओव्हर काढून टाकले. साध्या लोअरिंग स्प्रिंगा घातल्या. कडी नाही, आटे नाहीत, वरखाली करायची सोय नाही. म्हणजे कुणासाठी जागा करायचा प्रश्नच नाही, असं त्याचं गणित. म्हातारा कॉइलओव्हर परत घेईना, म्हणून ते खोक्यात घालून तळघरात ठेवले.

"शेवटी लग्नच केलंस की!" गेरेऑन म्हणाला.

मेर्लेने त्या दिवशी त्याच्या आवडीचं बटाट्याचं डेप्पेकोखेन भाजलं. लेनार्ट रोज सकाळी टेप घेऊन चारही चाकं मोजायचा. सगळी सारखी. नोव्हेंबर गेला, नाताळ गेला. हळूहळू त्याने मोजणं सोडून दिलं.

नऊ जानेवारीला फ्रीडा झाली. गोरीपान, टकली, आमच्या सासूबाईंच्या नाकाची. रविवारी, बाराला, तो दोघींना दवाखान्यातून घरी आणायला गेला. बाळाची खुर्ची डावीकडेच होती. मेर्ले बाळाशेजारी म्हणून मागे बसली, उजवीकडे.

घरी येताना तपासणी केंद्रावरूनच रस्ता जातो. रविवार म्हणून फाटक बंद होतं. सिग्नल लाल होता, गाडी थांबली. सुटली.

थोड्या वेळाने मेर्ले म्हणाली, "इथे अडचण होतेय रे."

"सरक की बाळाकडे."

"सरकले. तरी होतेय."

लेनार्टने आरशात पाहिलं नाही. त्याने मला नंतर सांगितलं, "वहिनी, मी मुद्दाम नाही पाहिलं. गाडी चालवत राहिलो. गाडीत माझी तीन दिवसांची मुलगी होती."

दारात आम्ही सगळे वाट बघत उभे होतो. पातळ बर्फ पडला होता. लेनार्टने बाळाला उचललं, सासूबाईंच्या हातात दिलं. मेर्ले उतरली. तिने दार लावलं आणि ती हसत आमच्याकडे आली.

लेनार्ट गाडीकडे बघत उभा राहिला.

मीही पाहिलं. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मेर्ले उतरली होती... पण कोपरा वर आलाच नाही.

तो बर्फात गुडघे टेकून बसला. टेप काढली. डावं तीनशे बेचाळीस. उजवं तीनशे अठ्ठावीस. या खेपेला फिरवायला कडी नव्हती. आत बाळ रडायला लागलं, सासूबाई "आत या, गार होतंय" म्हणून हाका मारत होत्या, आणि तो तिथेच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी तो तळघरातून खोकं वर घेऊन आला. मी तिथे होते. झाकण उघडलं. मागच्या उजव्या बाजूची कडी त्याने स्वतः फिरवून बाकीच्यांएवढी केली होती, खूण स्वतः पुसली होती.

कडी चौदा मिलिमीटर वर होती.

आणि खूण होती. लाल, ओली. माझ्या बोटाला लागली.

लेनार्टने तडक गॅरेज गाठलं आणि ते कॉइलओव्हर तसेच बसवले. गाडी विकून टाक, असं मी शंभरदा सांगून पाहिलं. तो म्हणतो, "आणि विकल्यावर तिला चालत यायला लागलं तर? या वेळी ती गाडीत बसेल, की घरात येईल?"

फ्रीडा आता शाळेत जाते. मागे डावीकडे बसते. उजवीकडे कधी दप्तरसुद्धा ठेवत नाही. तिला असं कुणी शिकवलेलं नाही.

परवाच गाडीची पुन्हा तपासणी झाली. नवा तरुण तपासनीस होता. उजवी कडी वर बघून तो चक्रावला. मग त्याने टेप लावली. चारही कोपरे सारखे. "कमाल आहे," म्हणाला, "गाडी अगदी सरळ उभी आहे."

ती सरळ उभी आहे, म्हणूनच मी अजून तिच्यात पाऊल टाकत नाही.