माठाला जागा नसलेलं घर

चंद्रपूरच्या गृहप्रयोगशाळेतल्या पडद्यावर दुपारी दीड वाजता ओळ उमटली: ‘घर रिकामे आहे.’ आणि त्याच घरातून आई रेवाशी फोनवर बोलत होती.

घर वास्तुकार रेवा झाडेनं आपल्या आईसाठी बांधलेलं, आणि काय घर होतं ते! पांढरंशुभ्र, सपाट, खिडकी नाही, खुंटी नाही, बिजागरी नाही, कडी नाही, कारण दारच नाही. माणूस जवळ आला की ऊबदर्शी भिंत आपोआप सरकायची. मासिकांनी फोटो छापले. फोटोत एवढंच दिसत नव्हतं, की टॉवेल वाळत घालायला जागा नाही, आणि भिंत नेमकी कुठून उघडते ते शोधत आई रोज चाचपत फिरते. पांढऱ्या फरशीवर ओलं वर्तुळ उमटतं म्हणून रेवानं तिचा माठसुद्धा बाहेर काढला होता.

“माठ नको, त माणूस तरी कायले ठेवतं वं घरात?” आई तेव्हा म्हणाली होती. रेवा हसली होती.

आज आई जेवून झोपली असताना शीतयंत्र बंद पडलं. ती घामानं जागी झाली तेव्हा खोली सदतीस अंशांवर होती.

“भिंत ऊब बघत नाही, फरक बघते,” अभियंता वासेकर म्हणाले. “अंग सदतीस, हवा सदतीस. तिच्या लेखी तिथं कोणीच नाही. आणि रिकामं घर ती तुझ्या आईशिवाय बाहेरच्या कुणालाही उघडत नाही. दुरून हा नियम बदलताही येत नाही. चोरांच्या भीतीनं तूच तसं ठरवलंस, रेवा.”

अंगावर गार पाणी घेतलं असतं तरी भिंतीला आई दिसली असती. पण नळाला टाकीचं कढत पाणी होतं, आणि थंड कपाटाला मूठच नव्हती. तेही उबेवर उघडायचं. पहार घेऊन गेलेल्या माणसांना भिंतीवर ओरखडाही काढता येईना. कापणी यंत्र नागपूरहून निघालं होतं. तीन तास.

मग रेवाला सुचलं. खोली अजून तापू दे. चाळीस झाली की आई हवेपेक्षा गार ठरेल. फरक पडेल, भिंत उघडेल! तिनं आईला भिंतीला टेकून बसायला सांगितलं.

“बसली,” आई म्हणाली. “तू जेवली का?”

अडतीस. एकोणचाळीस. रेवा पडद्यावरच्या आकड्यांना मनातल्या मनात वर ढकलत होती. चाळीस झाले. भिंत हलली नाही.

“घाम आटला की अंगही हवेबरोबर चढतं,” वासेकर पुटपुटले. हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

एक्केचाळीसला फोनवरचा श्वास ऐकू येईनासा झाला. भिंत कापून माणसं आत शिरली, उन्हं कलली, खोली निवत गेली आणि तिच्याबरोबर आईही.

माणसं आत होती तेवढा वेळ सोडला, तर पडद्यावरची ओळ त्यानंतर बदलली नाही. दीड वाजता ती खोटी होती, एवढंच.