उसनी कुंची

सकाळी यंत्रमाग सुरू झाले, की केतकी मगदूम नव्या कापडाखाली एक तळहात धरायची आणि वरून गाल टेकवायची. हाताला ऊब आणि गालाला गारवा लागला, की माल पास. अंगातली ऊब आत कोंडून ठेवायची, बाहेर फिरकू द्यायची नाही, हाच या ऊबधाग्याचा धर्म. हाडं गोठवणाऱ्या चौकीवरचा जवान त्यात उबदार राहायचा, आणि शत्रूच्या ड्रोनचा उष्णता टिपणारा डोळाही त्याला पाहू शकायचा नाही.

बाजाराच्या भरवशावर हा धागा जन्मालाच आला नसता. आधी तो तुटला, मग विटला, नंतर तर चक्क पेटला. अशा उद्योगाला बँकेने चहाही विचारला नसता. संरक्षण खात्याने मात्र दर वेळी एवढंच विचारलं, "आता पुढे काय करून बघणार?" बड्या कंपन्यांनी बॅटरीच्या टोप्या आणल्या होत्या, त्यांनी बर्फात मान टाकली. आणि इचलकरंजीच्या, भंगारात निघालेल्या मागांवर ऊबधागा विणला गेला. गुपित असल्यामुळे मगदूमांना बढाई मारता येत नव्हती. म्हणून ते नुसतेच ताठ मानेने चालत.

डोकं, कान, मान, पाठ एकाच तुकड्यात झाकायचं, असं सैन्याने कळवलं होतं. केतकीच्या आत्याने, अक्काताईने, सरळ बाळाची कुंची मोठ्या मापात कापली आणि हाताच्या सवयीने तिला गोंडाही लावला. केतकीच्या लक्षात आलं तोवर पहिला गठ्ठा चौकीवर पोचला होता. तिने घाईघाईने 'गोंडे कापून टाका' म्हणून कळवलं. पण उत्तर आलं, "गोंडा राहू द्या. जाड हातमोज्यात तेवढाच धरता येतो."

आज कर्नल ललिता घोरपडे तपासणीला आल्या, तेव्हा टेबलावर एक वीतभर कुंची होती.

"ही आमच्या मागणीत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही मॅडम. कमी वजनाच्या बाळांसाठी केलीय. बाहेर विकायची परवानगी द्या."

"एक कुंची बाजारात गेली, की धागा सीमेपार गेलाच म्हणून समज. मग त्यांचे सैनिक आपल्या कॅमेऱ्यांना दिसणार नाहीत. समोर आपलीच पोरं उभी असतात, केतकी."

हे खरंच होतं. केतकीने ती वीतभर कुंची त्यांच्यापुढे सरकवली.

"माझी मुलगी दवाखान्याच्या वाटेवर, माझ्या मांडीवर गार पडली," ती म्हणाली. "त्यानंतर मी या धाग्याच्या मागे लागले. तुम्ही पाठीशी राहिलात म्हणून तो झाला. ते मी विसरणार नाही. पण तिलाही विसरता येत नाही."

कर्नलनी कुंचीचा गोंडा बोटाभोवती गुंडाळला, सोडला. मग कुंची घडी करून आपल्या बॅगेत ठेवली.

"दिल्लीत दाखवते. वचन देत नाही."

चहा घेऊन आलेली अक्काताई बॅगेकडे बघत उभी राहिली.

"बाई, कुंची मुळात बाळाची. जवानांनी ती डोक्यावर घेतली, आमाला लई अभिमान हाय. गरज सरंपातूर खुशाल वापरा," ती म्हणाली. "पर उसनी नेलीया, येवढं ध्येनात ऱ्हाऊ द्या. माघारी कवा देणार?"